लघुलिपी

एल्डन स्ट्रॉमक्विस्ट मजकूर सांगायचे
खिडकीकडे तोंड करून.
सात वर्षं मी त्यांची पाठ लिहून घेतली.

दुलुथचा माणूस. बाप खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा.
तिथलं तळं इतकं मोठं की पोरं त्याला समुद्र म्हणत,
आणि गोठताना ते रात्रभर कण्हायचं,
असं एकदा सांगितलं त्यांनी, मध्येच,
गव्हाच्या निर्यातीवरच्या टिपणात.
मी तेही लिहिलं. मग खोडलं.

प्रचारात आधी बॅगा उचलल्या,
मग भाषणं लिहिली,
मग भाषणं ज्याच्याकडे जात त्याची खुर्ची घेतली.
तिसऱ्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या दालनात शिरताना
दार वाजवायचं सोडून दिलं.
सेनेटर माझ्या टेबलापाशी ताटकळत,
पेपरमिंटच्या वाटीत बोटं घालत विचारत,
आज मूड कसा आहे?
कुणाचा, हे विचारावं लागत नसे.

निवडणुकीच्या आधी पाकिटं यायला लागली.
पोचपावती नाही. नावांच्या जागी पक्षी :
बगळा, घुबड, एक कुणी सुतार.
पाणी कुठे मुरतंय हे मला माहीत नव्हतं,
पण ओल पायांना कळते.

नोव्हेंबरात, रात्री पावणेबाराला, मला घरून बोलावलं.
अंगात कोट तसाच. दिवा एकच.
"लिहा, मिस डॉब्रिक. नेब्रास्काचे सगळे कागद"
आणि पुढे एक क्रियापद.

आमच्या लिपीत स्वर गाळतात.
च आणि ज यांची रेघ एकच,
हलकी ओढली तर च,
दाबून ओढली तर ज.
चाळा.
जाळा.

सकाळपर्यंत यंत्राने त्या कपाटाच्या शेवया केल्या.
वही माझ्या पर्समध्ये राहिली.
लपवली नव्हती. कुणी मागितली नव्हती, इतकंच.

जुलैत ते समितीपुढे बसले.
"आठवत नाही." सवयीनं मी मोजत गेले, एकसष्ट वेळा.
माझ्या पोपटाचा वाढदिवस ज्याला पाठ होता
तो हा माणूस.
राष्ट्राध्यक्षांनी कानांवर हात ठेवले :
इतक्या खाली काय चालतं, मला कसं कळावं?
खाली म्हणजे
गालिच्यावरून अकरा पावलं.

मग माझं नाव पुकारलं.
वकील सभ्य होता. वही उजेडात धरून म्हणाला,
पेन्सिलीचं टोक झिजलं असेल, बाईसाहेब,
म्हणून रेघ जाड दिसते, नाही का?
मी एल्डनसाहेबांकडे पाहिलं.
दर दोन पानांना मी टोक काढते, हे त्यांना ठाऊक होतं.
त्या किरकिरीला ते माझं क्रिकेट पाखरू म्हणत.
पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्याकडे होता,
आणि काय करावं त्याचं, मला सुचेना.
"नाही," म्हटलं मी. "टोक नवं होतं."

एकोणीस महिने.
इन्ग्रिडबाईंनी घर विकलं, पियानो चर्चला दिला.
राष्ट्राध्यक्षांनी आठवणी लिहिल्या, सातशे पानं,
त्यात एल्डन एका तळटीपेत, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.
मला वर्षभर कुणी टायपिंगला ठेवलं नाही.
"कळवू" म्हणत.

टोक नवं होतं, हे खरं.
पण त्या रात्री हीटर बंद होता,
हातमोजे मी टॅक्सीत विसरले होते,
आणि गारठलेला हात दाबूनच लिहितो.
हे मला कुणी विचारलं नाही.
शब्द मी ऐकला होता का?
पाठीकडून आलेला शब्द, खिडकीवर आपटून परतलेला.

गेल्या हिवाळ्यात दुलुथहून पोस्टकार्ड आलं.
तुरुंगात शिकले असावेत, रेघ थरथरती, शाळकरी.
एकच चिन्ह, स्वर नसलेलं,
खाली सही.

बॉलपेननं काढलेलं.
बॉलपेन सगळंच
सारख्या जाडीचं लिहितं.